पहिली सीट

बन्सीतात्या अठरा वर्षं रोज नेवाशाला निघायचे आणि एकदाही पोचायचे नाहीत. हे मी कॉलेजात पोरांना गंमत म्हणून सांगत असे. पोरं हसायची, मीही हसायचो. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी नेवाशाच्या ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. बायकोची नोकरी श्रीरामपूरला, म्हणून बिऱ्हाड श्रीरामपूरला आणि माझं रोज जाणं-येणं. मला सकाळी लवकर उठायचा कंटाळा. त्यामुळे नऊची बस हमखास चुकायची आणि मी धापा टाकत काळी-पिवळीच्या स्टॅंडवर यायचो. तिथे नंबरात लागलेल्या पहिल्या जीपमध्ये, मधल्या बाकड्यावर दाराशी, स्वच्छ धोतर, पांढरी टोपी आणि मांडीवर फुगलेली कापडी पिशवी, अशा थाटात तात्या बसलेले असायचे. कोणालाही वाटावं, गावाला निघालेला माणूस आहे.

तात्या प्रवासी नव्हते. ते कामावर असायचे. रिकाम्या जीपमध्ये माणूस बसत नाही. आत डोकावतो, कोणी नाही म्हटल्यावर ही कधी भरणार आणि कधी सुटणार असा हिशोब मनात करतो, आणि पुढे निघून जातो. आत एक जण दिसला की दुसरा बसतो, दोघं दिसले की तिसरा. म्हणून ड्रायव्हर लोकांनी तात्यांना बसवून ठेवलं होतं. तात्या धरून दहा सीट झाल्या आणि अकरावा आला की ड्रायव्हर पत्र्यावर दोन थापा मारायचा. तात्या उतरायचे, अकरावा त्यांच्या जागी बसायचा आणि जीप सुटायची. एका गाडीमागे दहा रुपये. मग तात्या मागच्या जीपमध्ये जाऊन बसायचे. स्टॅंडवर त्यांना पहिली सीट म्हणत. मी एम. ए. ला दोन वर्षं घालवली, पण एवढी साधी गोष्ट मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती.

शेजारी बसणारा माणूस विचारायचाच, कुठं निघालात. तात्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "लेकीकडं चाललोय, न्येवाश्याला." विचारणाऱ्याला बरं वाटायचं. तात्या पुढे लेकीचं कौतुकही सांगायचे. माधुरी तिचं नाव, जावयाचं टायरचं दुकान फाट्यावर, लेकीचं बांगड्यांचं दुकान गावात, नातू दुसरीत. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. जाणं तेवढं खोटं होतं.

तात्या आधी मार्केट यार्डात हमाल होते. पाठीचा मणका गेला आणि पोती उचलणं संपलं. बायको माधुरीच्या लग्नाआधीच वारली होती. एका खोलीत एकटे राहायचे, स्वतःचं धोतर स्वतः धुवायचे, कारण मळका माणूस सीटवर बसवला तर गिऱ्हाईक येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पिशवीत जुने पेपर कोंबलेले असायचे.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की तात्या, एवढ्या गाड्या डोळ्यांदेखत नेवाशाला जातात, एखाद्या दिवशी खरंच का जात नाही? जीपवाला आसाराम तुमच्याकडून पैसे थोडेच घेणार आहे. त्यावर ते माझ्याकडे, वर्गातल्या ढ पोराकडे बघावं तसं बघत राहिले. मग त्यांनी समजावून सांगितलं. पहिल्या आठ सीटांत डिझेल, टायर, विमा आणि पासिंग निघतं. ड्रायव्हरच्या घरी जातात त्या शेवटच्या दोन सीटा. मी फुकट बसलो तर आसारामच्या घरातली निम्मी भाकरी मी खाल्ली. आणि पैसे देऊन जावं तर जायचे-यायचे एकशेवीस, दिवसाची कमाई बुडाली ती वेगळी, आणि लेकीच्या घरी बाप मोकळ्या हातानं जात नसतो, पोराला खाऊ आणि तिला किमान एक ब्लाऊजपीस पाहिजे. एवढं बोलून ते म्हणाले, "दिवाळीला तीच येती की. मग कशाला?" आणि विषय मिटला.

तेवीस सालच्या मार्चमध्ये एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना फुकट त्याआधीच झालं होतं. योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझी बायको अर्ध्या तिकिटात माहेरी जाते आणि मी तिला बसवून द्यायला जातो. पण स्टॅंडवर काय झालं ते मी रोज पाहत होतो. जीपचे साठ रुपये आणि बसचे बाईला निम्मे. बाई बसने गेली की तिच्याबरोबर नवरा, पोरं, सासूही बसनेच गेली. जीपला उरले माझ्यासारखे, ज्यांची बस चुकलेली असते. पूर्वी पंधरा मिनिटांत भरणारी गाडी तास-दीड तास भरेना. भाडं वाढवलं तर होते तेही जाणार आणि कमी केलं तर डिझेलही निघणार नाही. मी हे फळ्यावर दोन रेषा काढून शिकवतो. आसाराम तेच बोनेटवर बसून शिव्या घालत सांगायचा, आणि त्याचं जास्त लक्षात राहायचं.

तीस जीपांच्या अकरा राहिल्या. तात्या पूर्वी दिवसाला चौदा-पंधरा गाड्या भरून द्यायचे, आता चार झाल्या तरी खूप. एकेका गाडीत तास-तास बसून त्यांचे पाय सुजायला लागले. पण ते घरी बसले नाहीत. पंचाहत्तरी गाठायला अजून सात वर्षं होती.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातला मंगळवार. मला अकराला बारावीचा तास होता, आणि आदल्याच आठवड्यात प्राचार्यांनी माझ्या उशिराबद्दल सगळ्यांसमोर दोन शब्द सुनावले होते. साडेनऊची बस भरून निघून गेली होती. मी चिडूनच स्टॅंडवर आलो. आसारामची जीप आश्चर्य वाटावं अशी भरलेली होती. तात्या धरून दहा. मी अकरावा.

आसारामने मला पाहिलं, बिडी विझवली आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. तात्या उठले नाहीत. आसारामने परत थापा मारल्या.

तात्या म्हणाले, "आसाराम, आज मला जायचंय. लेकीकडं."

जीपमध्ये आम्ही चार-पाच जण रोजचे होतो. आम्ही मोठ्यानं हसलो. आसारामही हसला आणि म्हणाला, "व्हय तात्या, रोजच जाताव की." तात्यांनी मूठ पुढे केली, त्यात काहीतरी होतं. मी त्या मुठीकडे नीट पाहिलंही नाही. माझं लक्ष घड्याळात होतं.

मी म्हणालो, "तात्या, पुरे आता. मला अकराला तास आहे. उतरा."

आवाज चढला होता माझा. पंचवीस वर्षं पोरांना गप्प बसवून बसवून जो आवाज तयार होतो, तो. आणि तात्या उतरले. अठरा वर्षं थाप पडली की उतरायचं, ते अंगात इतकं मुरलं होतं की कोणी जरा जोरात म्हटल्यावर त्यांचे पाय आपोआप खाली गेले असावेत. उतरताना तोल सावरायला त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांच्या जागेवर बसलो. जागा अजून गरम होती. जीप सुटली.

टाकळीभानच्या अलीकडे खड्ड्यात गाडी आदळली आणि माझ्या टाचेला सीटखाली काहीतरी लागलं. वाकून पाहिलं तर तात्यांची पिशवी. रोज ती मांडीवर असायची. मी ती वर ओढली, तर जड लागली. आत पेपर नव्हते. एक स्टीलचा डबा होता, फडक्यात घट्ट बांधलेला आणि हाताला अजून कोमट लागणारा. मऊ भाताचा वास येत होता. एक नवा टॉवेल, ग्लुकोजचे दोन पुडे आणि हिरव्या रंगाचा ब्लाऊजपीस. मी पिशवी उघडी करून आसारामला आरशातून दिसेल अशी धरली.

त्याने गाडी कडेला घेतली. मग म्हणाला, "म्हंजी तात्या खरंच चालले हुते."

त्याने तात्यांना फोन लावला. स्पीकरवर तात्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. माधुरीला डेंगी झाला होता. नेवाशाच्या दवाखान्यात चार दिवस होती, पेशी फार कमी झाल्या होत्या आणि साडेअकराला तिला संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात हलवणार होते. पहाटे तिनेच फोन केला होता, की तात्या, हलवायच्या आत एकदा या. आसारामने विचारलं, आधी का नाही सांगितलं? पिशवी तेवढी दवाखान्यात द्या, तात्या म्हणाले, मी मागच्या गाडीत बसलोय.

आसाराम मागे वळला. बाकी कोणाला न विचारता त्याने मलाच विचारलं, कारण तात्यांना उठवणारा मीच होतो. "सर, फिरवू का गाडी?"

बारा किलोमीटर मागे, बारा परत, म्हणजे पाऊण तास तरी. मी घड्याळ पाहिलं. मला माझं ते घड्याळाकडे बघणं आजही जसंच्या तसं आठवतं. मी म्हणालो, "ते बसलेत ना मागच्या गाडीत. येतीलच की पाठोपाठ." कोणी विरोध केला नाही. आसारामने गिअर टाकला.

मागच्या गाडीचा ड्रायव्हर बजरंग. त्याने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तो रडला, म्हणून मी त्याला दोष देत नाही. तात्या त्याच्या रिकाम्या जीपमध्ये येऊन आपल्या नेहमीच्या जागेवर बसले. बजरंगला वाटलं, कामावर आले. तो चहाला गेला. तात्यांनी त्याला काहीच सांगितलं नाही. एकदा हसं झालं होतं, परत कशाला सांगायचं, असं वाटलं असेल. किंवा गाडी न भरताच सोडा म्हणायची त्यांची जीभ रेटली नसेल, कारण एका सीटवर गाडी नेली तर बजरंगचं काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. साडेदहाची बस आली आणि असतील-नसतील तेवढ्या सीटा घेऊन गेली. बस स्टॅंड समोरच होतं. तात्या उठून बसमध्ये बसू शकले असते. पण अठरा वर्षं ज्या स्टॅंडचं मीठ खाल्लं, त्या ड्रायव्हरांच्या डोळ्यांसमोर रस्ता ओलांडून एसटीत चढणं त्यांना जमलं नाही. ते बसून राहिले. कोणीतरी येऊन शेजारी बसलं, बऱ्याच वेळाने आणखी कोणी. त्यांनी विचारलं, कुठं निघालात. तात्यांनी सांगितलं, लेकीकडं.

मी अकराला दहा कमी असताना नेवाशात उतरलो. दवाखाना कॉलेजच्या वाटेवरच होता. पिशवी देऊन लगेच निघायचं असं ठरवून आत गेलो. माधुरी खाटेवर उशीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, हाताला सलाईन, पण बोलत होती. जावई कागदपत्रांसाठी खाली गेला होता. मी कोण ते सांगितलं, डबा स्टुलावर ठेवला. तिने डब्यावर हात ठेवला आणि दाराकडे पाहिलं.

मी म्हणालो, "तात्या मागच्या जीपमध्ये बसलेत. निघालेत."

ती हसली. वडलांसारखंच, तोंड न उघडता. म्हणाली, "सर, ते रोजच निघतात."

मला वाटलं आजाऱ्याचं बोलणं आहे. मग ती हळूहळू, थांबत थांबत सांगू लागली. लग्न होऊन नवीनच दुकान टाकलं होतं तेव्हा श्रीरामपूरहून आलेली माणसं बांगड्या घ्यायला यायची. एखादी बाई ओळखीचं नाव निघालं की म्हणायची, अगं, तुझे वडील भेटले जीपमध्ये, तुझ्याकडंच निघालेत, येतीलच मागून. पहिल्यांदा तिने पुरणाचा घाट घातला होता. सासू म्हणाली, बाप येतोय तर नीट कर. रात्री आठपर्यंत पान वाढून ठेवलं. दुसऱ्यांदा नुसती भाजी जास्त टाकली. पुढे पुढे कोणी सांगितलं की ती हो म्हणायची आणि बांगडी चढवत राहायची. तिला वडलांचं काम नंतर कळलं, दिवाळीला गेल्यावर. तिने त्यांना याबद्दल कधीच काही बोलून दाखवलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून.

मी म्हणालो, आज खरंच येताहेत. हे बघा, पिशवीत पेपर नाहीत. असं म्हणायची वेळ माझ्यावर आली होती. तिने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता हे माझ्यासारख्या ठोंब्यालाही कळलं. मी तिथेच थांबलो. अकराचा तास गेला. प्राचार्यांचा फोन आला तो मी कट केला, आणि एवढं जर टाकळीभानला केलं असतं तर, असा विचार तेव्हाही मनात आला. मी तात्यांना फोन करत राहिलो. एकदा लागला. ते म्हणाले, बसलोय, आता दोनच सीट कमी हायेत. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की गाडी सुटलेलीच नाही. मी ओरडून म्हणालो, बजरंगला फोन द्या. बजरंगने ऐकलं आणि आहे तेवढ्या सीटांवर गाडी काढली. तेव्हा साडेअकराला पाच मिनिटं होती.

ॲम्ब्युलन्स खाली येऊन उभी राहिली. जावयाने ड्रायव्हरला हात जोडले, तो वीस मिनिटं थांबला. डॉक्टर रागावले. त्यांचंही बरोबर होतं. तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ती डबा हातात धरून होती. नर्सने तो काढून जावयाकडे दिला. तिने फाटकाकडे पाहिलंही नाही. मला वाटत होतं तिने एकदा तरी बघावं.

तात्या पाऊण वाजता पोचले. अठरा वर्षांत पहिल्यांदा नेवाशाला. मी त्यांना दवाखान्याच्या पायरीवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मूठ उघडली आणि बजरंगला साठ रुपये देऊ लागले. घामाने नोटा ओल्या झाल्या होत्या. बजरंग मागे मागे सरकत होता आणि ते त्याच्यामागे हात पुढे करून चालत होते. मी त्यांना तिथूनच संभाजीनगरला नेलं, माझ्या पैशाने, भाड्याची कार करून. इतक्या उशिरा केलेल्या उदारपणाची मला लाज वाटली. तिथे माधुरीला काचेच्या आत ठेवलं होतं आणि तोंडात नळी होती. तात्यांना दोन मिनिटं आत सोडलं. ती शुद्धीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दहाव्याचा विधी नेवाशात प्रवरेच्या घाटावर झाला. मी गेलो होतो. विधी आटोपल्यावर माणसं पांगली. तात्या पायरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो आणि मागितलीही. ती त्यांनी ऐकली की नाही, कोण जाणे. मधूनच ते म्हणाले, "सर, तुमी हुता तिच्यापाशी शेवटाला, बोलती हुती तवा. मी निघालोय म्हनून सांगितलं तुमी तिला?"

मी सांगितलं म्हणालो.

"मंग काय म्हनली?"

नदीत पाणी कमी होतं. पलीकडे कोणीतरी म्हशी धूत होतं. पंचवीस वर्षं मी वर्गात बोलतो, मला शब्द शोधायला वेळ लागत नाही. तेव्हा लागला.

मी म्हणालो, "म्हणाली, तात्या निघालेत ना, मग येतीलच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले, पण ते पुसायला हात उचलला नाही.

"मंग इस्वास ठिवला म्हना तिनं."

मी हो म्हणालो.